आधण जरा निवू द्या

ठाण्यातल्या आमच्या कोलशेतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कापडाचे व्यापारी राहतात. गोदाम भिवंडीला, आणि मालासाठी चीनमधल्या शाओशिंगजवळच्या केच्याओला त्यांची ये-जा असते. केच्याओचा कापडबाजार प्रचंड मोठा, आणि भारतीय व्यापाऱ्यांना तो घरच्यासारखा माहीत. यंदा एप्रिलच्या अखेरीस परतताना त्यांनी आमच्यासाठी 100 ग्रॅमचा पत्र्याचा डबा आणला. शाओशिंगच्याच हद्दीतल्या शिनचांगचा 'दाफो लोंगजिंग', म्हणजे यंदाचाच ताजा हिरवा चहा, मार्चमध्ये खुडलेला.

डबा उघडला आणि घरात दोन पक्ष पडले. काकांची नोकरी कोलशेतच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत झाली. त्या भागातले बरेच कारखाने आता गेले, तिथे टॉवर उभे राहिले. पण काकांची मोजून-मापून काम करायची सवय तशीच आहे. आईनं आयुष्यभर आल्याचा, गवती चहाचा, उकळून उकळून लाल केलेला चहा केला आणि येईल त्याला दिला. खालचं बोलणं एका बैठकीतलं नाही. बऱ्याच दुपारी चाललेलं आहे, मी ते सलग लावलं आहे.

काका: वहिनी, आधण आलं का? आता गॅस बंद करा आणि पाणी जरा निवू द्या.

आई: निवलेल्या पाण्याचा चहा? भावोजी, असा चहा पुढे केला तर पाहुण्याला वाटेल, आपलं येणं या घरात कुणाला आवडलेलं नाही.

काका: पाहुण्याचं मागून बघू. आधी पान बघा. हे घ्या तळहातावर. चपटं आहे, गुळगुळीत आहे. एक कळी आणि तिला बिलगलेलं एखाददुसरं कोवळं पान. एक किलो चहा व्हायला चार-पाच किलो ओली पानं लागतात, आणि चांगल्या चहासाठी ती हातानं खुडतात. चिनी पंचांगातल्या चिंगमिंगच्या आधी, म्हणजे 4-5 एप्रिलच्या आत खुडलेल्याला सगळ्यात जास्त मान.

आई: आधीच्यालाच का?

काका: थंडीभर झाड निजलेलं असतं. पहिल्या फुटीत गोडव्याची द्रव्यं भरपूर असतात आणि तुरटपणा कमी. पुढे ऊन वाढलं की पान भराभर मोठं होतं, गोडवा उतरतो, तुरटपणा चढतो. 20 एप्रिलच्या सुमारास गूयू नावाचं पुढचं पर्व येतं, तोपर्यंतचंही चांगलं मानतात. त्यानंतरचा माल रोजच्या पिण्याचा.

आई: थांबा, वास घेऊ द्या. ओल्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या, की झाकण काढताना येतो ना, तसा आहे. मागे थोडा भाजल्याचाही आहे.

काका: हाच वास! तिकडे त्याला भाजलेल्या चेस्टनटचा म्हणतात. तुमचं नाक पक्कं आहे.

आई: नाक आहे म्हणूनच सांगते. हिरवं आहे अजून, कच्चं आहे. कच्च्याला आच नको का द्यायला?

काका: कच्चं नाही, वहिनी. खुडलेलं पान काही तास पसरून ठेवतात, म्हणजे त्यातलं थोडं पाणी उडतं. मग तापलेल्या कढईत उघड्या हातानं परततात. पानात एक विकर असतं, त्याच्यामुळे खुडलेलं पान हळूहळू काळं पडतं. कढईची धग लागली की ते विकर मरतं आणि पानाचा हिरवेपणा टिकतो. मग तळहातानं दाबत, घासत, चपटं करत वाळवायचं. या कामाच्या हाताच्या दहा हालचाली ठरलेल्या आहेत, त्या शिकायला वर्षं जातात. आता पुष्कळसा माल यंत्रावर होतो, पण रीत तीच.

आई: म्हणजे स्वयंपाक तिकडेच उरकलाय.

काका: उरकलाय. आपण फक्त वाढायचं.

आईच्या त्या वाक्यापाशी मी अडकले, कारण सगळ्या वादाचं मूळ मला तिथे दिसलं. हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडं, असं युरोपातले लोक कितीतरी काळ समजत होते. 1840 च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं चीनमध्ये फिरून दोन्ही एकाच झाडाचे असल्याचं सांगितलं. फरक पडतो तो खुडल्यानंतर. आपल्या डब्यातली दाणेदार पावडर सीटीसी पद्धतीची. 1930 च्या दशकात आसामात ती सुरू झाली. दातेरी रुळांमध्ये पान चिरडतं, फाटतं, त्याचा गोळीसारखा दाणा होतो. ते पुरतं तांबूस होऊ देतात आणि मग वाळवतात. या दाण्याला थोड्या वेळात भरपूर रंग आणि कडकपणा सोडायचा असतो, म्हणून त्याला उकळी सोसते आणि दूधही लागतं: दुधातली प्रथिनं त्याची तुरट द्रव्यं बांधून घेतात. आई पातेल्यात जे करते ते त्या चहाच्या घडणीला धरूनच आहे. त्याचं उरलेलं काम आपल्या गॅसवर व्हायचं असतं. लोंगजिंगचं काम शिनचांगच्या कढईत संपलेलं आहे. दोघंही आच लागते हेच म्हणत होते. ती कुणी आणि कुठे द्यायची, एवढाच तंटा.

आई: बरं, निवायचं म्हणजे किती? बोट बुडवून बघू?

काका: 80 अंशांच्या आसपास. थर्मामीटर नको. तीन भांडी उकळतं पाणी आणि एक भांडं माठातलं, एकत्र करायचं. गणित करून बघा, 80-82 च्या घरात येतं. साध्या काचेच्या ग्लासात 3 ग्रॅम पानं, म्हणजे मोठा चमचा सैल भरून, आणि दीडशे मिलिलिटर पाणी. आधी थोडंसं ओतून पानं भिजू द्यायची, ग्लास हलवून वास घ्यायचा, मग बाकीचं पाणी. दोन-तीन मिनिटं.

आई: झाकण?

काका: नको. झाकलं तर वाफेत पान शिजतं, पिवळं पडतं, उकडलेल्या पाल्याचा वास येतो. गोडवा देणारं थिॲनिन कोमट पाण्यातही सुटतं. तुरटपणा देणारी कॅटेचिन्स आणि कडवट कॅफिन उष्णता वाढेल तशी जास्त सुटतात. मी रंगांच्या कारखान्यात होतो. रंग तोच, कापड तेच, पण तापमान दहा अंशांनी चुकलं की छटा हातची जाते.

पानं आधी वर तरंगली, मग एकेक करून खाली उतरली. काही कळ्या तळाशी टोकावर उभ्या राहिल्या. पाणी जेमतेम फिकट पिवळसर-हिरवं. आईनं पहिला घोट घेतला आणि भुवया उंचावल्या.

आई: चव कुठाय?

काका: गिळू नका लगेच. जिभेवर फिरवा. आता गिळा, आणि थोडं थांबा.

आई: ...हं. आधी पाणीच वाटलं. मग जरा जाडसर लागलं, डाळीच्या वरच्या पाण्याला असते तसली चव. तुरट अगदी थोडं, गालांच्या आतल्या बाजूला. आणि गोड आता येतंय, घोट गेल्यावर.

काका: त्या मागाहून येणाऱ्या गोडव्यासाठीच हा चहा पितात. आता ग्लास रिकामा करू नका. तिसरा हिस्सा ठेवून वर गरम पाणी घाला. दुसरा ग्लास पहिल्यापेक्षा भरीव लागेल, तिसऱ्याला उतार पडेल.

आई: छान आहे, नाही म्हणत नाही. पण एवढं लक्ष देऊन प्यायचं, तर बोलायचं कधी? माझ्याकडे चहाला माणूस येतं ते काही सांगायला येतं. त्याच्या डोळ्यांत पाणी असताना मी म्हणू का, की थांबा हो, गोडवा मागाहून येतोय?

या प्रश्नाला काकांकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. बराच वेळ ते ग्लासातली पानं बघत राहिले. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या बाजूची नव्हती.

काका: एक सांगायचं राहिलं. चहाचे परीक्षक चव घेतात तेव्हा पाणी निवू देत नाहीत. चीनच्या प्रमाणित पद्धतीत 3 ग्रॅमला 150 मिलिलिटर उकळतं पाणी, हिरव्या चहाला 4 मिनिटं.

आई: मग मला कशाला इतके दिवस थांबवलंत?

काका: त्यांना दोष शोधायचे असतात. कढईत करपलंय का, ओलावा राहिलाय का, जुना माल मिसळलाय का, हे उकळत्या पाण्यात लपत नाही. आपल्याला दोष शोधायचे नाहीत, प्यायचंय.

आई: मी म्हणते, शोधूच. चांगला असेल तर टिकेल.

तिनं खळखळतं पाणी थेट ओतलं. रंग गडद झाला, तुरटपणा जिभेला लागला, कडवट छटाही आली. पण करपट नाही, कुबट नाही, आणि तो तुरीच्या शेंगांचा वास चांगला जोरात आला. आईला हाच ग्लास जास्त आवडला. ती म्हणाली, हा निदान भेटल्यासारखा वाटला. काकांना तो पिववेना. मला विचाराल तर पहिला ग्लास जास्त चांगला होता, पण डबा चांगला निघाला हे कळलं ते या दुसऱ्या ग्लासामुळे. चहा कसा प्यावा हे काकांना ठाऊक. तो कसा पारखावा हे आईनं पुस्तकाशिवाय केलं.

आई: आता यात आलं किसून टाकलं तर?

काका: वहिनी, बाराशे वर्षांपूर्वी लू यू नावाच्या माणसानं चहावर जगातला पहिला ग्रंथ लिहिला. त्यात आलं, कांद्याची पात, संत्र्याची साल, पुदिना घालून उकळलेल्या चहाला त्यानं गटारात ओतण्याच्या पाण्याच्या पंक्तीला बसवलंय.

आई: म्हणजे तेव्हाही लोक आलं घालत होते!

काका: ...हो. तो स्वतःच म्हणतो, की लोकांची सवय काही सुटत नाही.

आई: आणि तो स्वतः कसा करायचा?

काका: तेव्हा चहाच्या वड्या असत. त्या भाजायच्या, कुटायच्या, आणि उकळत्या पाण्यात ती पूड टाकायची. पाण्यात थोडं मीठ.

आई: म्हणजे तोही भांड्यात उकळायचा, आणि त्याला मीठ चालायचं, फक्त आलं चालायचं नाही. भावोजी, हा नियम पानाचा नाही, त्या माणसाच्या आवडीचा आहे.

काका हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि मान डोलावली. सुट्या पानांचा चहा चीनमध्ये रुळला तो त्यानंतर कित्येक शतकांनी. 1391 मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानं दरबाराला वड्यांऐवजी सुटी पानं पाठवायचा हुकूम काढला, आणि कढईत परतण्याची कला पुढे भरभराटीला आली. आपल्याकडेही असाच सामना झालेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात चहाच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानात गावोगावी प्रचार केला, रेल्वे स्टेशनांवर दुकानं थाटली, गिरण्यांमध्ये चहाची सुट्टी सुरू करवली. चहा किटलीत मुरवावा, दूध बेताचं घालावं, असं ते शिकवत होते. लोकांनी चहा घेतला आणि शिकवणी सोडून दिली. दूध वाढवलं, आलं-वेलची घातली, साखर घातली; पावडर कमी खपते म्हणून मळेवाले कुरकुरत राहिले. अमृततुल्याचा तांब्याचा बंब आणि स्टेशनबाहेरची कटिंग ही त्या न ऐकणाऱ्या लोकांची कमाई आहे. हे मला अभिमानानं सांगावंसं वाटतं.

पाण्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. लू यूनं डोंगरातलं पाणी पहिलं, नदीचं दुसरं आणि विहिरीचं शेवटचं मानलं. हांगचौ शहरात लोंगजिंगशी जिचं नाव जोडतात ती हूपाओची झरी डोंगरातलीच, हलक्या पाण्याची. कोलशेतच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात शहापूरकडच्या भातसा नदीचं आहे, म्हणजे सह्याद्रीच्या पावसाचं. हीच भातसा पुढे उल्हासाला मिळते आणि उल्हास आमच्या खाडीला. तोवर ते पाणी खारट झालेलं असतं. उन्हाळ्यात टँकर आला किंवा बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळलं, की आईच्या कडक चहात ते कळत नाही, पण लोंगजिंगमध्ये लगेच कळतं: रंग मळकट होतो, वर पातळ तवंग येतो, गोडवा गायब. नळाचं पाणी रात्रभर उघड्या माठात ठेवून क्लोरीनचा वास घालवायचा, एवढंच काकांनी सुचवलं. आई म्हणाली, हे तर ती आधीपासून करतेच.

आई: टॉवरमधल्या बायका सगळ्या ग्रीन टीच पितात म्हणे. वजन उतरतं म्हणून. मला एकीनं दिला होता, कडूजहर.

काका: त्या पिशवीत पानांची भुकटी असते. त्यावर उकळतं पाणी, पाच-सात मिनिटं बुडवून ठेवायची, मग तो कडवटपणा झाकायला मध आणि लिंबू. चहाचं औषध करून टाकलं, याचा मला राग येतो. नाक दाबून प्यायची वस्तू आहे का ही?

आई: उपाशीपोटी पितात वर. मला तर दुसऱ्या ग्लासालाच पोटात कालवलं.

काका: रिकाम्या पोटी नकोच. आणि जेवणाला लागूनही नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आई: हे माझ्या चहालाही लागू असेल.

काका: असेल नव्हे, आहे.

वरचे व्यापारी एकदा डब्याची चौकशी करायला आले आणि काकांच्या मोजमापाला त्यांनी अजाणता धक्का दिला. केच्याओच्या बाजारात दुकानदार काचेच्या थर्मासात चिमूटभर पानं टाकतो, सकाळी एकदा, आणि दिवसभर वरून गरम पाणी घालत राहतो. ना वजन, ना घड्याळ. गिऱ्हाइकालाही कागदी पेल्यात तसाच देतो आणि भाव करायला बसतो. आईचा चेहरा उजळला. तिला हवं होतं ते हेच होतं: तिकडेही चहा आधी माणसासाठी आहे.

त्यांनीच तिला हांगचौच्या कोळंबीबद्दलही सांगितलं. सोललेली छोटी नदीची कोळंबी, अंड्याच्या पांढऱ्यात आणि पिठात घोळवून, लोंगजिंगची भिजलेली पानं आणि तोच चहा घालून झटपट परततात. कोलशेतला खाडी दाराशी आहे. खाडीची कोळंबी पूर्वीसारखी मिळत नाही, पण बाजारात बारीक कोळंबी मिळतेच. आईनं हळद, आगळ, मसाला काहीही न घालता ती केली, ही तिच्या दृष्टीनं मोठीच सवलत. फक्त लसणाची एक पाकळी ठेचून घातली. काकांनी पाकळी ओळखली आणि तरीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पानं चावायला किंचित तुरट, कोळंबी गोड. मला तो पदार्थ ग्लासातल्या चहाहून जास्त पटला, कारण त्यात दोघांनीही थोडंथोडं सोडलं.

काका: वहिनी, डबा कुठे ठेवलाय?

आई: फ्रिजमध्ये. तुम्हीच म्हणालात, गारव्यात ठेवा.

काका: सुकटीच्या शेजारी?

आई: सुकट डब्यात आहे.

काका: तरी नको. वाळलेलं पान शेजारचा वास ओढून घेतं. मोगऱ्यासारख्या फुलांचा सुगंध चहाला देतात तो याच गुणावर, फुलं नुसती सोबत ठेवून. तिकडे जुने लोक कळीच्या चुन्याच्या रांजणात चहा ठेवायचे, ओलावा चुना ओढून घेई. आपल्याकडे दमट हवा, त्यात पुढच्या महिन्यात पाऊस. हा डबा पावसाच्या आत संपवायला हवा.

आई: एवढा चांगला चहा संपवायचा? मी दिवाळीपर्यंत पुरवला असता.

काका: दिवाळीला त्यात काही उरणार नाही. ताजेपणाचेच पैसे आहेत याला. ठेवला की गेला.

आई: मग शनिवारी माझी भिशी आहे. बारा जणी.

काका: बारा! 36 ग्रॅम. एक तृतीयांश डबा एका दुपारी?

आई: तुम्हीच म्हणालात संपवा. मोठ्या पातेल्यात करते. तीन भांडी उकळतं, एक भांडं माठातलं, बरोबर ना? बारा ग्लासांना पावणेदोन लिटर पाणी, थोडं वर धरून. झाकण ठेवत नाही.

काका: पातेलं नको, पानं एकावर एक दबतात. ग्लासातच घाला सगळ्यांच्या.

आई: बारा ग्लास मी मोजत बसू? आणि त्यातल्या चार जणी साखर मागतील.

काका: साखर?

आई: मागतील आणि मी देईन. बाकीच्या आठ जणींना तुम्ही येऊन सांगा, घोट गेल्यावर थांबायचं म्हणून. चारच्या सुमाराला या.